कॉन्सन्ट्रेटर चालू आहे, पण नाकाशी ऑक्सिजन पोहोचत नाही : नळीची क्रमवार तपासणी

घरी कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या मशीनवर, असलेल्या रुग्णांच्या नळ्या बसवणे, बदलणे आणि अडचण आली की तपासणे हे माझे नेहमीचे काम आहे. ‘मशीन बिघडले’ असा निरोप येतो तेव्हा पुष्कळदा मशीन उत्तम चाललेले असते आणि दोष मशीन व नाक यांच्या मधल्या नळीत सापडतो. तो दुरुस्त करायला बहुतेक वेळा हत्यार लागत नाही, फक्त क्रम चुकवून चालत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण वारंवार दिसत असेल, तर पहिला संशय नळीवर घ्यावा. रुग्ण एका जागी बसलेला असताना ठीक असतो, पण दुसऱ्या खोलीत गेला किंवा कूस पालटली की त्याला धाप लागते आणि ऑक्सिमीटरवरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा खाली येतो. फ्लोमीटरमधली, म्हणजे मशीनवरच्या प्रवाह दाखवणाऱ्या उभ्या नळीतली, गोळी सकाळी ठरलेल्या रेषेवर असते आणि दुपारी कोणी नॉबला हात लावलेला नसतानाही खाली घसरलेली दिसते. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतून शिट्टी वाजते, किंवा उलट, बाटलीत बुडबुडेच येत नाहीत. नळीतून गुडगुड ऐकू येते आणि नाकात पाणी आल्याची तक्रार रुग्ण करतो. कमी प्रवाहाचा इशारा मध्येच वाजतो आणि आपण मशीनपाशी पोहोचेपर्यंत आपोआप थांबतो; हे शेवटचे लक्षण तर नळी कुठेतरी दाबली जाऊन पुन्हा सुटल्याची जवळजवळ खूणच असते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी

रुग्णाची अवस्था आधी पाहावी, नळी नंतर. ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तो गोंधळलेला किंवा गुंगीत असेल, छातीत दुखत असेल, तर त्याला राखीव सिलिंडरवर घ्यावे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. नळीत दोष सापडतो का हे पाहण्यात त्या वेळी एक मिनिटही घालवू नये. रुग्ण शांत असला तरी ज्याला क्षणभरही ऑक्सिजनविना राहता येत नाही, त्याला सिलिंडर आणि वेगळी कॅन्युला (नाकात बसणारी दोन टोकांची नळी) लावूनच पुढच्या तपासण्या कराव्यात, कारण त्यांत नळी अनेकदा काढावी लागते.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक घरी आग्रहाने सांगतो. प्रवाह कमी वाटला म्हणून नॉब फिरवून लिटर वाढवू नयेत. नळीला मुरड पडली असेल तर नॉब उघडून उपयोग होत नाही, आणि ती मुरड नंतर अचानक सुटली की रुग्णाला डॉक्टरांनी ठरवलेल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळू लागतो. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) काही रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यांच्यासाठी ऑक्सिमीटरचे लक्ष्य सहसा 88 ते 92 टक्के इतकेच ठेवलेले असते. त्यामुळे दोष नळीत आणि उपाय नॉबवर, असा प्रकार त्यांच्या बाबतीत धोक्याचा ठरतो.

पहिली तपासणी : नाकाजवळचे टोक

सर्वात सोपी आणि बिनखर्चाची तपासणी इथे होते, म्हणून सुरुवात इथूनच करावी. कॅन्युलाची दोन टोके नाकपुड्यांमध्ये आहेत का, त्यांचा बाक आत गेल्यावर खालच्या बाजूला वळतो का, आणि त्यांच्या तोंडाशी सुकलेला शेंबूड अडकला आहे का, ते पाहावे. झोपेत कॅन्युला गालावर सरकणे फार सामान्य आहे. कानामागून येणारी नळी उशीखाली दाबली गेली आहे का, हेही हाताने चाचपून पाहावे.

प्रवाह येतो की नाही अशी शंका असेल, तर कॅन्युला काढून तिची टोके ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरावीत. बुडबुडे सलग आले तर ऑक्सिजन टोकापर्यंत पोहोचतो आहे. तुटक आले किंवा आलेच नाहीत तर पुढे जावे. टोके पुसून, आतले पाणी झटकून, मगच कॅन्युला पुन्हा नाकाला लावावी. या चाचणीतून प्रवाह किती लिटर आहे ते कळत नाही, फक्त तो आहे की नाही एवढेच कळते.

याच वेळी ऑक्सिमीटरचीही शहानिशा करून घ्यावी. बोट थंड असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा कमी दिसू शकतो आणि मग नसलेला दोष शोधत आपण घरभर फिरतो.

दुसरी तपासणी : गोळी काय सांगते

फ्लोमीटर नेहमी डोळ्यांच्या पातळीत आणून वाचावा. उभ्याने वरून पाहिले तर गोळी खऱ्यापेक्षा वेगळ्या रेषेवर दिसते. रेषा गोळीच्या मधोमध आली पाहिजे.

आता ज्या गोष्टीमुळे अर्धी तपासणी वाचते ती सांगतो. नळीत अडथळा असेल तर गोळी खाली येते, कारण ऑक्सिजनला पुढे जायला वाट नसते. नळीला गळती असेल तर गोळी जागची हलत नाही, कारण ऑक्सिजन मीटरमधून व्यवस्थित बाहेर पडतो आणि पुढे कुठेतरी हवेत निसटतो. म्हणजे गोळी बरोबर रेषेवर असूनही रुग्णाच्या टोकाला बुडबुडे मंद असतील, तर मुरड शोधत बसू नये, जोड तपासावेत. घरच्या माणसांचा सर्वात मोठा गोंधळ इथेच होतो. गोळी बरोबर आहे म्हणजे रुग्णाला सगळा ऑक्सिजन मिळतो आहे, असे ते धरून चालतात.

ह्युमिडिफायरची बाटली लावलेली असेल तर अडथळ्याची खूण थोडी बदलते. बाटलीच्या झाकणात दाब सोडणारी झडप असते आणि पुढची वाट बंद झाली की ऑक्सिजन त्या झडपेतून शिट्टी वाजवत बाहेर पडतो. त्यामुळे गोळी पूर्ण खाली येईलच असे नाही. शिट्टी वाजली की बाटलीला दोष देऊ नये. पुढची नळी बंद आहे, एवढेच ती सांगते.

तिसरी तपासणी : नळीवरून हात फिरवणे

यात नुसते डोळे पुरे पडत नाहीत. नळी मुठीत सैल धरून कॅन्युलापासून मशीनपर्यंत संपूर्ण लांबीवर हात फिरवत जावे. मुरड पडलेली जागा हाताला चपटी लागते, आणि नळी पुन्हा सरळ झालेली असली तरी तिथे पांढुरकी आडवी रेघ राहते. ती रेघ फार महत्त्वाची आहे. प्लॅस्टिक एकदा एका जागी दुमडले की पुढच्या वेळीही तिथेच दुमडते, म्हणून ‘काल सरळ केली होती, आज पुन्हा तेच’ अशी तक्रार येते. अशी रेघ दिसली, किंवा नळी पिवळट आणि कडक झालेली असली, तर ती सरळ करत बसू नये, बदलून टाकावी. कॅन्युला साधारण दोन ते चार आठवड्यांनी आणि लांब नळी साधारण तीन महिन्यांनी बदलण्याची पद्धत आहे. तुमच्या सामानासोबतच्या पत्रकात वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळावी.

नेमके कुठे पाहायचे? मशीनच्या तोटीतून नळी बाहेर पडताच खाली लोंबते तिथे, दाराच्या खालच्या कडेशी, पलंगाच्या आणि व्हीलचेअरच्या चाकांखाली, मागे कलणाऱ्या खुर्चीच्या सांध्यात, आणि खुद्द रुग्णाच्या अंगाखाली. शेवटची जागा लोक विसरतात. रुग्ण नळीवरच बसतो, गोळी खाली जाते, इशारा ऐकून तो उठतो आणि गोळी पुन्हा वर येते. मग कोणालाच काही सापडत नाही.

पीळ हा मुरडीचाच सख्खा भाऊ आहे. पलंगावरून उठून न्हाणीघरात जाऊन परत येताना रुग्ण बहुधा रोज एकाच बाजूने वळतो. प्रत्येक फेरीत नळीला एक वेढा चढतो, आणि पुरेसे वेढे साचले की नळी स्वतःभोवती गुंडाळून आवळते. यावर फिरता जोड मिळतो, तो कॅन्युला आणि लांब नळी यांच्या मध्ये बसवला की पीळ तिथल्या तिथे उलगडतो. ज्या घरात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते तिथे मी पहिल्यांदा हाच जोड बसवतो, आणि पीळ हे कारण असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. आतून ताऱ्याच्या आकाराची पोकळी असलेल्या नळ्याही मिळतात. त्या दाबल्या गेल्या तरी आतली वाट पूर्ण बंद होत नाही.

नळीची वाट

नळी सरळ करणे ही त्या दिवसापुरती दुरुस्ती झाली. दोष पुन्हा येऊ नये असे वाटत असेल तर नळीची वाट बदलावी लागते. ती भिंतीच्या कडेने न्यावी आणि क्लिपांमध्ये सैल बसवावी. दारातून नेणे टळत नसेल तर ते दार बंद होणार नाही अशी सोय करावी. गालिचाखालून किंवा पायपुसण्याखालून नळी कधीही नेऊ नये. तिथे ती पायाखाली दबते आणि दबलेली कोणाला दिसतही नाही. शिवाय गळती झाली तर ऑक्सिजन त्या कापडात साचत राहतो. नळीला गाठ मारून किंवा घट्ट वेटोळे करून ती ‘आखूड’ करण्याचा मोहही आवरावा. जास्तीची नळी मोठ्या, सैल वळ्यात चालण्याच्या वाटेबाहेर ठेवावी.

अडखळून पडण्याचा धोका रुग्णाइतकाच घरातल्या इतरांनाही असतो. पारदर्शक नळी फरशीवर दिसत नाही, म्हणून शक्य असेल तिथे हिरवी किंवा रंगीत नळी घ्यावी. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा. चालताना रुग्णाने नळीचा सैल वळा हातात धरावा आणि वळताना आधी नळी बाजूला करून मग पाऊल टाकावे. ही सवय लागायला थोडे दिवस जातात, पण ज्यांनी ती लावून घेतली त्यांच्या घरी नळी ओढली जाऊन कॅन्युला निसटण्याचा प्रकार क्वचित घडतो.

आगीबद्दल इथे सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण नळीची वाट ठरवताना हाच विचार मागे पडतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो जिथे साचतो तिथले कापड, केस आणि पांघरूण ठिणगी पडताच फार वेगाने पेटतात. नळी आणि रुग्ण दोघेही शेगडी, देव्हाऱ्यातला दिवा, मेणबत्ती, हीटर यांपासून किमान तीन मीटर दूर असावेत. त्या घरात कोणीही धूम्रपान करू नये. ‘मी खिडकीत उभा आहे’ ही सबब चालत नाही. मशीन चालू ठेवून कॅन्युला गादीवर टाकून उठू नये, कारण तेवढ्या वेळात पांघरूण ऑक्सिजनने भरते. नाक कोरडे पडते म्हणून पेट्रोलियम जेली किंवा तेलकट मलम लावू नये. पाण्यावर आधारित जेल वापरावे. सॅनिटायझर लावला असेल तर हात पूर्ण सुकेपर्यंत नळीला स्पर्श करू नये. काही नळ्यांमध्ये आग पुढे सरकू न देणारा, उष्णतेने बंद होणारा छोटा जोड बसवलेला असतो. नळी बदलताना तो ‘अडथळा’ समजून काढून टाकू नये, आणि त्यावर बाण असेल तर तो प्रवाहाच्या दिशेनेच बसवावा.

चौथी तपासणी : चिमटा देऊन गळती शोधणे

गोळी रेषेवर आहे, पण टोकाला प्रवाह मंद आहे, अशा वेळी ही तपासणी करावी. एकाने मीटरपाशी उभे राहावे. दुसऱ्याने कॅन्युलाजवळ नळी दोन बोटांनी दुमडून घट्ट धरावी आणि काही सेकंद थांबावे, कारण लांब नळीत दाब चढायला वेळ लागतो. गोळी खाली आली, किंवा बाटली असल्यास शिट्टी वाजली, तर चिमट्यापर्यंतची नळी धड आहे. काहीच झाले नाही, तर ऑक्सिजन मधेच निसटतो आहे. मग चिमटा थोडा थोडा मशीनच्या दिशेने सरकवत न्यावा. ज्या जागी चिमटा दिल्यावर गोळी पहिल्यांदा खाली येते, त्या जागेच्या आणि आधीच्या चिमट्याच्या मध्ये गळती आहे. बहुतेक वेळा तिथे एखादा जोड सापडतो.

जोड सैल असेल तर दोन्ही टोके कोरडी करून, किंचित पिळत, तळापर्यंत बसवावीत. तोंड पसरट झालेली नळी पुन्हा घट्ट बसत नाही, ती बदलावी. जोडावर चिकटपट्टी गुंडाळू नये आणि गोंद किंवा तेल लावू नये. चिकटपट्टीने गळती थांबत नाही, फक्त झाकली जाते, आणि ऑक्सिजनच्या वाटेवर तेल असणे तर सरळ धोक्याचे आहे. गळती शोधायला ज्योत कधीही वापरू नये.

बाटलीच्या अगदी पुढे चिमटा देऊनही शिट्टी वाजत नसेल, तर झाकण आडवे बसलेले असते. ते काढून, आटे जुळवून पुन्हा लावावे. प्लॅस्टिकचे आटे एकदा वाकडे चढले की दिसायला झाकण बंद दिसते आणि ऑक्सिजन मात्र कडेने निसटत राहतो. बुडबुडे येत नसतील तेव्हाही झाकण नीट बसले आहे का ते पाहावे.

पाचवी तपासणी : नळीतले पाणी

बाटलीतून निघालेला ओलसर ऑक्सिजन थंड फरशीवरून किंवा एसीच्या झोतातून गेला की त्यातली वाफ नळीतच थंड होऊन थेंब बनते. हे थेंब सर्वात खालच्या वळणात जमतात आणि वाट अडवतात. बाटलीत पाणी खुणेच्या वर भरले असेल तर पाणी थेटही नळीत ओढले जाते, म्हणून आधी पातळी पाहावी. पाणी डिस्टिल्ड वापरावे, रोज बदलावे, आणि उरलेल्या पाण्यात नवे ओतू नये.

साचलेले पाणी काढायला नळी दोन्हीकडून सोडवून उंच टांगावी व झटकावी, किंवा रुग्णाला दुसऱ्या नळीवर घेऊन ही नळी बाटलीशिवाय थेट मशीनला जोडून काही मिनिटे कोरडी होऊ द्यावी. तोंडाने फुंकू नये. तक्रार रोजचीच असेल तर नळीच्या सर्वात खालच्या जागी पाणी साठवणारा छोटा सापळा बसवता येतो. त्याआधी मात्र डॉक्टरांना विचारावे की बाटली मुळात हवी आहे का. मिनिटाला चार लिटरपर्यंतच्या प्रवाहाला पुष्कळ रुग्णांना तिची गरज पडत नाही, आणि ती काढली की ही तक्रारच उरत नाही.

सहावी तपासणी : लांबी

नळी लांब केल्याने ऑक्सिजनची शुद्धता कमी होत नाही, प्रवाहाला होणारा अडथळा वाढतो. घरगुती कॉन्सन्ट्रेटरसाठी कॅन्युलासकट साधारण 15 मीटर, म्हणजे 50 फूट, ही मर्यादा सर्रास सांगितली जाते. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत कमी लिहिली असेल तर कमीच धरावी. तुकड्याला तुकडा जोडत नेलेल्या नळीपेक्षा एकसंध नळी केव्हाही बरी, कारण प्रत्येक जोड ही गळतीची जागा असते. प्रवाह ठरवताना पूर्ण नळी जोडलेली असावी आणि मगच गोळी रेषेवर आणावी. श्वास ओळखून झटक्याझटक्याने ऑक्सिजन देणाऱ्या छोट्या प्रवासी मशीनला तर लांब नळी लावूच नये. रुग्णाने श्वास घेतल्याचे त्या मशीनला दुरून कळत नाही.

सातवी तपासणी : मशीन की नळी

आता मशीनकडे वळावे. त्याची जाळी धुळीने भरली आहे का, भिंत किंवा पडदा त्याला चिकटला आहे का, ते पाहावे. जाळी आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावावी. मग बाटलीपासून नळी काढावी आणि गोळी पाहावी. ती वर आली तर अडथळा नळीत आहे. वर आली नाही तर बाटलीही काढावी. आता गोळी वर आली तर दोष बाटलीत आहे. तरीही खालीच राहिली, तर दोष मशीनमध्ये आहे आणि आपले काम इथे संपते.

कुठे थांबायचे

नळी व बाटली काढूनही गोळी रेषेवर येत नसेल, शुद्धता कमी असल्याचा दिवा लागला असेल, मशीन जाळी साफ करूनही तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी सुसकारा ऐकू येत असेल, तर पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला बोलवावे. जळका वास किंवा वितळलेली नळी दिसली तर बोलवण्याआधी मशीन बंद करून रुग्णाला सिलिंडरवर घ्यावे. मशीनचे आवरण घरी उघडू नये. आतल्या झिओलाइटच्या नळकांड्या हवेतला नायट्रोजन शोषून घेतात आणि त्यामुळे साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. त्या थकल्या असतील तर गोळी आणि बुडबुडे दोन्ही ठीक दिसतात, तरी रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हा दोष फक्त शुद्धता मोजणाऱ्या उपकरणाने कळतो.

नळी आणि मशीन दोन्ही ठीक असूनही ऑक्सिमीटरचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली राहत असेल, तर ती तंत्रज्ञाची बाब नाही, डॉक्टरांची आहे. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, दिवसभर नेहमीपेक्षा जास्त झोप येणे, हेही त्यांना त्याच दिवशी कळवावे.

तंत्रज्ञाला फोन करताना एवढी माहिती हाताशी ठेवावी : किती लिटर ठरवले आहेत, नळी जोडलेली असताना गोळी कुठे असते, नळी काढल्यावर कुठे जाते, बाटली काढल्यावर कुठे जाते, नळी एकूण किती लांब आहे आणि तिच्यात किती जोड आहेत, कोणता दिवा लागला आहे, आणि राखीव सिलिंडर आणखी किती वेळ पुरेल. शेवटचे उत्तर सर्वात आधी सांगावे, कारण तंत्रज्ञाने किती घाईने निघायचे ते त्यावरच ठरते.